ट्रॉलीची हवा: किती पौंड, कधी आणि कुणाला विचारून?

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आज बोलायचंय हवेवर. हवामानावर नाही, टायरमधल्या हवेवर. तुमच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली असेल, पिकअप असेल, किंवा मामाच्या, काकाच्या ट्रॉलीवर बसून तुम्ही कधी मोंढ्यात गेला असाल, तर हा भाग शेवटपर्यंत ऐका. पंधरा मिनिटं लागतील.

आधी माझी चूक सांगतो. मग हिशेब सांगतो.

आमचं गाव साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. आमच्याकडे हळद किती, हे तुम्हाला सांगायला नको. शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि एप्रिल-मे आला की कट्टे भरून हिंगोलीला, संत नामदेव मार्केट यार्डात. दोन वर्षांमागं मे महिन्यात मी सुट्टीला गावी होतो. काका म्हणाले, "चल रे, सोबत ये." मी निघालो.

सकाळी पंक्चरच्या दुकानावर थांबलो. त्या माणसानं विचारलं, "कितीक भरू?" काका म्हणाले, "भर की, नेहमीसारखी." त्यानं ७० पौंड भरली. बरं, त्या दिवशी नेहमीपेक्षा आठ-दहा कट्टे जास्त होते. एका बाजूचा टायर जुना होता, त्याच्या बाजूला बारीक भेगा दिसत होत्या. पण "एवढी खेप होऊन जाऊ दे" असं ठरलं. हे वाक्य ओळखीचं आहे ना?

दुपारी बाराच्या सुमारास चहाला थांबलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी टायरला हात लावला, चटका बसला. शेजारीच हवेचं मशीन होतं, लावून बघितलं तर ७८. मला वाटलं, अरे बापरे, हवा वाढली, आता टायर फुटणार! मोबाईलवर कुठंतरी अर्धवट ऐकलं होतं की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी. मी शहाणपणा केला. दोन्ही टायरची हवा सोडली, परत ७० वर आणली. काकांना अभिमानानं सांगितलं सुद्धा.

पुढं तासाभरात तो जुना टायर फुटला. ट्रॉली एका अंगाला कलली, कट्टे रस्त्यावर आले, दोन-तीन फुटून हळकुंडं डांबरावर पसरली. आम्हाला कुणाला खरचटलं सुद्धा नाही. पण दरवेळी त्या कट्ट्यांवर हमालीला येणाऱ्या दोन मावशी बसलेल्या असतात. त्या दिवशी त्यांच्या घरी लग्न होतं म्हणून त्या आल्या नव्हत्या. त्या नेहमी बसतात ती जागा त्याच बाजूला होती, जी बाजू खाली गेली.

तेव्हापासून मी हा विषय नीट समजून घेतला. तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट, टायर कशानं फुटतो? आपल्याला वाटतं जास्त हवेनं, फुग्यासारखा. चांगला टायर थोड्या जास्त हवेनं सहसा असा फुटत नाही. त्याचा मोठा शत्रू आहे उष्णता. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, सरळ होते, परत वाकते. लोखंडी तार हातानं वाकवून तोडता ना आपण? तोडताना ती गरम लागते. तसंच. आतले दोऱ्यांचे थर गरम होतात, रबर सुटायला लागतं आणि भार असताना एका क्षणी सगळं जातं. म्हणजे कमी हवा, जास्त माल आणि ऊन, हे तीन एकत्र आले की काम तमाम.

मग ती ७८ काय होती? सोपं विज्ञान आहे. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. ७० पौंडांच्या आसपास भरलेल्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण ३ पौंडांनी वाढतो. सकाळी आतली हवा २७ अंशांवर होती असं धरा, दुपारी ती ५५ वर गेली. ७० चे ७८ झाले, म्हणजे अगदी बरोबर झालं. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ आधीच धरलेली असते. मी गरम टायरमधून ८ पौंड काढले, तेव्हा खरं तर थंड टायरमध्ये ६३ च भरल्यासारखं झालं. आधीच कमी होती, ती मी अजून कमी केली.

म्हणून नियम एक: हवा थंड टायरवर मोजायची. सकाळी निघायच्या आधी, किंवा गाडी तीनेक तास उभी असताना. आणि नियम दोन: गरम टायरची हवा सोडायची नाही. उन्हाळा असो, काहीही असो.

आता "नेहमीसारखी भर" याचं काय? नेहमीसारखी म्हणजे किती, हे पंक्चरवाल्याला माहीत नसतं, काकालाही नसतं. ते टायरवर लिहिलेलं असतं. खरंच! उद्या सकाळी ट्रॉलीजवळ जा, ओल्या कपड्यानं टायरची बाजू पुसा आणि मोबाईलनं फोटो काढा. 'मॅक्स लोड' असं लिहून पुढं किलो असतात आणि त्याच्या जवळच दाब असतो, कधी पीएसआयमध्ये, कधी केपीएमध्ये. आपण ज्याला पौंड म्हणतो तोच पीएसआय. केपीए असेल तर साधारण ६.९ नं भागा.

उदाहरण घेऊ. समजा लिहिलंय १८०० किलो आणि ५५० केपीए. ५५० भागिले ६.९ म्हणजे जवळजवळ ८० पौंड. याचा अर्थ काय? हा टायर १८०० किलो उचलेल, पण थंड असताना ८० पौंड हवा असेल तरच. हवा ६५ भरली तर तो १८०० उचलण्याच्या लायकीचा राहिला नाही. ८० च्या वर थंड टायरमध्ये भरायची नाही, ती त्याची हद्द आहे.

आता आपला भार किती? यार्डात, जिनिंगवर, कारखान्यावर वजनकाटा असतोच. दोन चाकी ट्रॉली असेल तर ट्रॅक्टर काट्याच्या पुढं उतरू द्या, हूक तसाच ठेवा आणि फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर घ्या. समजा ३६ क्विंटल आलं. दोन चाकं, म्हणजे एकेकाला १८ क्विंटल, १८०० किलो. वरचा टायर हद्दीला टेकला! आता एक कट्टा सुद्धा जास्त नको. आणि हे माल दोन्ही बाजूंना सारखा असेल तर. एका अंगाला जास्त रचला, तर त्या बाजूचं चाक हद्दीच्या बाहेर गेलंच.

राहिलेलं वजन कुठं गेलं? हुकावर. ते ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतं. म्हणून दोन चाकी ट्रॉलीत माल रचताना तोल बघावा लागतो. सगळा पुढं रचला की चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टेअरिंग हलकं पडतं. सगळा मागं रचला की हूक वर ओढला जातो, मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली वळवळायला लागते.

गंमत बघा, हीच गोष्ट परदेशात कॅराव्हॅन ओढणाऱ्या लोकांना शिकवतात. कॅराव्हॅन म्हणजे गाडीच्या मागं जोडलेलं चाकांवरचं घर. त्यांना सांगतात की कारच्या मागच्या चाकांत भाराची हवा भरा, कॅराव्हॅनच्या चाकांत तिच्या स्वतःच्या टायरवरची हवा भरा आणि दोन्ही आकडे वेगळे आहेत हे विसरू नका. हळद असो की पलंग, टायरला फक्त किलो कळतात.

ट्रॅक्टरचंही तसंच. मोठ्या मागच्या टायरला शेतात कमी हवा लागते, पकड मिळते, जमीन कमी दबते. तीच हवा घेऊन भरलेली ट्रॉली रस्त्यावर ओढली तर ते टायर झिजतात, डुलतात. किती वाढवायची हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. ते पुस्तक कपाटात असेल, काढा. पिकअपवाल्यांनी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा. तिथं बऱ्याचदा रिकाम्या गाडीची आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते.

मग कुणी म्हणेल, जास्तच भरून टाकू की! नको. गरजेपेक्षा जास्त हवा असली की टायर मधोमधच टेकतो, मधेच झिजतो, ब्रेकला पकड कमी मिळते आणि आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत दणका थेट बसतो. रिकामी ट्रॉली कशी उड्या मारते ते बघितलंयच तुम्ही.

आणि टायरचं वय. बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असतोच असं नाही. बाजूला भेगा, फुगवटा, आतले दोरे दिसायला लागले, तर कितीही हवा भरा, तो गेलेला आहे. आमचा तसाच होता. मी हवा सोडली नसती तरी तो कधीतरी गेलाच असता. पण त्या दिवशी माझ्या हातानं तो लवकर गेला, हे मी विसरत नाही.

आता आमच्याकडे काय बदललंय? मी एक छोटं गेज घेतलं. मशीनवरचा काटा कधी कधी खोटं दाखवतो, म्हणून स्वतःचं बरं. काकांच्या मोबाईलमध्ये चारही टायरचे फोटो आहेत आणि ट्रॉलीच्या फळीवर खडूनं आकडा लिहिलाय. पंक्चरवाल्यानं विचारलं "कितीक भरू?" की काका त्या फळीकडं बोट दाखवतात. आणि मावशी कट्ट्यांवर बसत नाहीत. पहिल्यांदा त्या रुसल्या, म्हणाल्या, "आता आम्ही जड झालो का रे?" काका म्हणाले, "तुम्ही नाही बाई, कट्टे जड झाले." आता त्या गावातल्या जीपनं पुढं जातात, भाडं काका देतात. एका खेपेला थोडे पैसे जातात. टायरच्या किमतीपुढं ते काहीच नाही आणि बाकीच्या गोष्टींची किंमत तर करायचीच नसते.

तर मंडळी, उद्या सकाळी एवढंच करा. ऊन चढायच्या आधी टायर पुसा, फोटो काढा, आकडा वाचा आणि घरातल्या मोठ्यांना दाखवा. शिकवू नका, नुसतं दाखवा. "काका, हे बघा काय लिहिलंय" असं म्हटलं की ते चष्मा लावतातच.

भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा. राम राम!