घरापुढची हिरवळ

आमच्या देशावरच्या शेतकऱ्यापुढें हरळीचें नुसतें नांव काढलें तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. काळ्या रानांत एकदां हरळी शिरली कीं खोल नांगरट करावी, उन्हाळाभर ढेंकळें तापत ठेवावीं, नांगरामागून फिरून तिच्या काश्या एकेक करून वेंचाव्या. आणि एवढें करूनहि एखादी काशी मातीआड राहते व पहिल्या पावसाला पुन्हां मान वर काढते. शहरांत राहणारे आपण मात्र त्याच काश्या पोत्यानें विकत आणतों, माळ्याला रोज देऊन त्या ओळीनें लावून घेतों, आणि त्या लवकर फुटल्या नाहींत तर त्याच्यावर रागावतों. शेतकऱ्याचें तण तें आमचें भूषण! हें मी कुणाला हिणवण्यासाठीं म्हणत नाहीं, कारण माझ्याहि घरापुढें अशी हिरवळ आहे. परंतु हरळीचा जो हट्टी स्वभाव शेतकऱ्याला जाचतो तोच आपल्याला उपकारक आहे. आणि तो न ओळखल्यामुळें आपण तिच्यावर पाणी व पैसा व्यर्थ उधळीत असतों.

प्रथम कापणीचा विचार करूं. गुलाबाचा शेंडा खुडला तर ती फांदी तेथेंच थांबते, आणि तिच्या बाजूचे डोळे फुटूं लागतात. गवताची रचना निराळी आहे. त्याच्या वाढीचें ठिकाण पात्याच्या टोकाशीं नसून बुडाशीं, जमिनीलगत असतें. म्हणूनच गाईनें चरून टाकलेलें गवत मरत नाहीं, उलट अधिक दाट होतें. आपलें कापण्याचें यंत्र ही एक लोखंडी गायच होय. खरी गाय निदान शेण तरी देऊन जाते. पण गवत कापल्यानें मरत नाहीं म्हणून तें हवें तसें कापावें असें मात्र नव्हे. पान हें गवताचें स्वयंपाकघर. उन्हांत तेथें अन्न शिजतें आणि तें मुळांपर्यंत जातें. स्वयंपाकघराचा मोठा भाग एकाएकीं मोडून टाकला तर खालच्या मुळांची उपासमार होणार. यासाठीं जाणत्या माळ्यांचा एक साधा नियम आहे: एका वेळीं पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये. हिरवळ दीड इंच उंच राखावयाची असेल तर ती सव्वादोन इंच झाली कीं कापावी. ऐन पावसाळ्यांत हें काम दर आठवड्याला, क्वचित् पांचव्या दिवशींहि निघतें. थंडीच्या दिवसांत दोन-तीन आठवडे यंत्राकडे पाहण्याचीहि गरज पडत नाहीं.

आपल्या घरीं काय घडतें? आषाढ-श्रावणांत कोसळणाऱ्या पावसाच्या निमित्तानें कापणी लांबत जाते. मग गणपति चार दिवसांवर आले, पाहुणे येणार, असें ध्यानांत येतें, आणि घोट्याच्या वर गेलेलें गवत एका सकाळींत जमिनीलगत कापून काढण्यांत येतें. त्यानंतर अंगण पिवळें दिसूं लागलें कीं घरमालक खत आणावयास धांवतो. वास्तविक तेथें खताचा कांहीं संबंध नसतो. वरचीं हिरवीं पानें गेलीं आणि त्यांच्या सावलींत वाढलेलीं फिक्कट देंठें तेवढीं उघडीं पडलीं, इतकेंच. असें वाढलेलें गवत मध्यें चार-पांच दिवसांचें अंतर ठेवून दोन-तीन खेपांनीं उतरवावें, म्हणजे हा प्रसंग येत नाहीं. आणखी एक गोष्ट. पाऊस थांबतांच यंत्र बाहेर काढण्याची घाई करूं नये. शेतकरी ज्याप्रमाणें वाफसा येण्याची वाट पाहतो तशी आपणहि पाहावी. ओल्या जमिनीवर यंत्राचीं चाकें रुततात, माती दबते, आणि भिजलेलें पातें कापलें न जातां आडवें होतें.

यंत्राची हकीकतहि ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड गांवीं एड्विन बडिंग नांवाचा एक कारागीर होता. तेथील गिरण्यांत लोंकरी कापडावरची लव कातरून तें गुळगुळीत करणारें यंत्र त्याच्या पाहण्यांत आलें. जें कापडावर चालतें तें गवतावर कां चालूं नये, असें त्याच्या मनानें घेतलें, आणि १८३० सालीं त्यानें गवत कापण्याचें पहिलें यंत्र बनविलें. त्यापूर्वीं तिकडच्या जमीनदारांच्या हिरवळी लांब दांड्याच्या कोयत्यांनीं कापीत, नाहीं तर त्यांवर मेंढरें सोडीत. बडिंगच्या धर्तीच्या यंत्रांत फिरतीं पातीं एका स्थिर पात्याशीं घासून कात्रीसारखें काम करतात. आजकाल पुष्कळ घरीं दिसणारें विजेचें किंवा पेट्रोलचें यंत्र निराळें. तें विळ्याच्या फटकाऱ्यासारखें गवत तोडतें. दोहोंपैकीं कोणतेंहि असो, पात्याला धार हवी. धार गेली आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पातें हातांत घेण्याचें कारण नाहीं. कापणीनंतर दोन दिवसांनीं हिरवळीकडे वांकून पाहावें; टोकें फाटून पांढुरकीं झालीं असतील तर पातें धार लावणाऱ्याकडे पाठवावें. फटकाऱ्याच्या यंत्राखालून खडा सुटला तर तो गोळीसारखा येतो. आपण माळ्याला यंत्र घेऊन देतों, पण तो बिचारा चपला घालून तें चालवीत असतो; त्याला आधीं चांगले बूट घेऊन द्यावे.

पुण्याला वर्षाकाठीं लंडनहून अधिक पाऊस पडतो, असें सांगितलें तर पुष्कळांना तें खरें वाटत नाहीं. पण तें खरें आहे. लंडनचा पाऊस सुमारें सहाशें मिलिमीटर, पुण्याचा सुमारें सातशें. अंतर आहे तें वांटणींत. तिकडे तो बारा महिने थोडा थोडा पडतो, आणि ऊनहि सौम्य. आपल्याकडे बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून जातो व पुढें आठ महिने जमीन आकाशाकडे पाहत बसते. बारमाही हिरव्या अंगणाची कल्पना त्या दुसऱ्या हवेंत जन्मली. आपण हिरवळ आणली, तिचें पंचांग मात्र बदलून घ्यावयास विसरलों.

या विसराची किंमत काय पडते याचा हिशेब अवघड नाहीं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारें ९३ चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हांत ती हिरवीगार राखावयाची तर रोजचें पांच मिलिमीटर पाणी कांहीं फार नव्हे. हे ४६५ लिटर झाले. शहरांतील पाणीपुरवठ्यासाठीं सरकारनें मानलेलें प्रमाण माणशीं रोज १३५ लिटर आहे. म्हणजे आपलें अंगण साडेतीन माणसांचें पाणी पितें, आणि तेंहि जेव्हां पाण्याची सर्वांत अधिक चणचण असते त्या दिवसांत.

२०१६ सालचा उन्हाळा आपल्या स्मरणांत असेल. त्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी न्यावें लागलें होतें. मैदानांवर घालण्याच्या पाण्यावरून वाद होऊन, तीस एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा हुकूम मुंबई उच्च न्यायालयानें केला तोहि त्याच महिन्यांत. वर्तमानपत्रांत तें वाचून मीं मान डोलावली, आणि त्याच आठवड्यांत माझ्या अंगणासाठीं टँकर मागविला. तेव्हां त्यांत विसंगत असें मला कांहीं दिसलें नाहीं. पैसे माझे, अंगण माझें.

टँकर फाटकाशीं उभा राहिला. आमचे माळीबुवा, साठी उलटलेले गृहस्थ, नळी जोडण्याऐवजीं तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, गवताला सोडायच्या आदी दोन हंडे भरून घेऊं का? आमच्या वस्तींत आज चवथा दिस, नळाला पानी न्हाई."

मला कांहीं सुचेना. "भरा कीं," असें म्हटलें खरें, पण ते दोन हंडे भरत असतांना त्या उरलेल्या टँकरकडे पाहण्याचें मला धैर्य होईना. शेवटीं मीं विचारलें, "माळीबुवा, पाणी नाहीं घातलें तर हें मरेल का हो?"

"गवताला काय धाड भरलीय?" ते म्हणाले, आणि खुरप्यानें कोपऱ्यांतला एक ठोंब उचकटून त्यांनीं माझ्या हातावर ठेवला. पातीं करपत आलीं होतीं, पण काशी नखानें सोलली तों आंत पांढरी आणि ओलसर. "ही जित्ती हाय तंवर गवत जित्तं. माझ्या बापानं सारी हयात हिला रानांतून काडायला घातली, साहेब. ती तुमच्या एका उनाळ्यानं मरतीय व्हय!"

तो टँकर त्यांच्या वस्तीवर गेला. आमचें अंगण मे महिन्याच्या मध्यास खाकी झालें. नातवंडांनीं त्याला बिस्किट असें नांव ठेवलें, आणि शेजारच्या एका स्नेह्यांनीं घरांत कुणी आजारी आहे काय, अशी चौकशी केली.

त्या वर्षापासून आमचा क्रम ठरून गेला आहे. फाल्गुनापासून यंत्राची उंची अर्ध्या इंचानें वाढवावयाची, कारण उंच पात्याच्या गवताचीं मुळें खोल जातात आणि त्याची सावली त्याच्याच बुडाशीं पडते. हिंवाळ्यांतहि रोज नुसतें वर वर शिंपडावयाचें नाहीं. आठ-दहा दिवसांनीं एकदां पहांटे असें पाणी द्यावयाचें कीं तें वीतभर खालीं उतरेल. रोजच्या शिंपणानें मुळें वरच्यावर रेंगाळतात व पहिल्या उन्हाला होरपळतात. चैत्र-वैशाखांत तांदूळ-भाज्या धुतलेलें पाणी सांठवून तीन आठवड्यांनीं एखादी हलकी पाळी मिळाली तर उत्तम, न मिळाली तरी चिंता नाहीं. साबणाचें पाणी मात्र घालूं नये, त्यानें माती बसते. झोंपलेल्या गवताला खत देऊं नये, आणि त्यावरून फार ये-जा होऊं देऊं नये.

आंब्याखालीं हरळी धरत नाहीं. तिला ऊन हवें. दर वर्षीं तेथें नवीन काश्या लावून हार खाण्यापेक्षां शहाबादी फरशी टाकून दोन खुर्च्या मांडाव्या. आमची हिरवळ या रीतीनें निम्म्यावर आली आणि बसावयास जागा झाली. कापलेल्या गवताचे बारीक तुकडे झाडून काढूं नयेत. ते बहुतांशीं पाणीच असतात, लवकर कुजतात, आणि मुळांनीं घेतलेलें पुष्कळसें सत्त्व परत देतात. पावसाळ्यांत जागोजाग गवत पिवळें पडून, ओढल्यावर गालिच्यासारखें हातांत आलें, तर खालीं हुमणी आहे असें समजावें. ही उसाची वैरीण, पण हरळीचीं मुळेंहि खाते. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळीं कडुनिंबावर जमतात. त्याच वेळीं फांद्या हालवून ते गोळा करून नष्ट केले तर पुढचें पुष्कळ संकट टळतें. साळुंक्या आणि बगळे अंगणांत उतरत असतील तर त्यांना हुसकूं नये, ते आपलेंच काम करीत असतात.

२०१६ च्या त्या जूनमध्यें पाऊस आला, आणि आठव्या दिवशीं खाकी अंगणांतून हिरवे कोंब दिसूं लागले. मी हर्षानें यंत्र पुसूं लागलों, तेव्हां माळीबुवांनीं तें माझ्या हातून काढून घेतलें. गवताला आधीं पोटभर पानें येऊं द्यावीं, मग कापावें, असें त्यांचें म्हणणें पडलें. पहिली कापणी त्यांनीं जूनअखेर केली, आणि तीहि तुळशीजवळचा चार हात कोपरा सोडून. तेथें यंत्र फिरवावयाचें नाहीं अशी त्यांची ताकीद होती. हरळी म्हणजेच दूर्वा, आणि यंत्राखालून गेलेल्या दूर्वेला टोंक राहत नाहीं. भाद्रपदांत गणपतीच्या पूजेला त्या कोपऱ्यांतून एकवीस जुड्या निघाल्या, आणि तितक्याच ते आपल्या घरीं घेऊन गेले.