सैनिकाचें मूल आणि गांवची शाळा

पुण्यास किंवा देवळालीस लष्कराची छावणी आहे. तेथें सैनिकाचें मूल शाळेंत जातें, तेव्हां त्याच्या बाकावर बहुधा दुसऱ्या सैनिकाचेंच मूल बसलेलें असतें. वडिलांची बदली, दूरची चौकी, कित्येक दिवस न येणारा दूरध्वनी, यांचा अर्थ तेथें कोणास समजावून सांगावा लागत नाहीं.

जळगांव जिल्ह्यांतील जामनेरची गोष्ट निराळी आहे. कपाशीच्या या तालुक्यांत छावणी नाहीं. शेजारच्या भुसावळ तालुक्यांत वरणगांवास काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. परंतु तेथील कामगार पाळी संपली कीं घरीं परततो. जामनेरचा जवान सीमेवर असतो, त्याची पत्नी सासूसासऱ्यांपाशीं राहते, मूल गांवच्या शाळेंत जातें आणि भरलेल्या वर्गांत अशा घरचें तें बहुधा एकटेंच असतें.

शाळेच्या अर्जांत वडिलांचा पत्ता विचारलेला असतो. मूल लिहितें: ‘मार्फत ५६ ए. पी. ओ.’ हें लष्करी टपालाचें ठिकाण. नकाशावर तें सांपडत नाहीं. पलटण कोठें आहे हें पत्त्यावरून कळूं नये, हाच त्यांतील हेतु. सोबत्यांपैकीं कोणाचा बाप सुरतेस, कोणाचा पुण्यास. भूगोलाच्या तासाला तीं मुलें नकाशावर बोट ठेवतात. या मुलाचें बोट मात्र अधांतरीं राहतें.

जवानास वर्षांत ६० दिवसांची वार्षिक व ३० दिवसांची किरकोळ रजा मिळण्याची तरतूद आहे. ती केव्हां मिळावी हें मात्र पलटणीच्या गरजेवर अवलंबून असतें. दिवाळीशीं वा उन्हाळ्याच्या सुटीशीं तिचा मेळ बसतोच असें नाहीं. बाप घरीं आल्याच्या दिवशीं मूल शाळेंत आलें नाहीं, कीं हजेरीपटावर फुली पडते. तो परत निघण्याच्या आठवड्यांत मूल चिडखोर होतें, पाढे चुकवितें, भांडतें. शिक्षकास घरची हकीकत ठाऊक नसेल, तर त्याला वांडपणा हेंच नांव मिळतें.

अमेरिकेंत १९८६ पासून एप्रिल महिना सैनिकांच्या मुलांचा म्हणून पाळतात. शाळांतून अशा मुलांची वेगळी नोंद ठेवण्याची तरतूदही २०१५ च्या कायद्यानें झाली. आपल्याकडील मदत मुख्यतः पैशाची आहे, आणि ती बहुतांशीं बापास कांहीं झाल्यावर किंवा तो निवृत्त झाल्यावर मिळते. १९७१ च्या युद्धानंतर मृत, बेपत्ता व जायबंदी सैनिकांच्या मुलांची फी सरकारनें पत्करली. २०१७ सालीं तीस महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. ओरड झाली आणि २०१८ सालीं ती मर्यादा उठविण्यांत आली. निवृत्त सैनिकांच्या मुलांस व्यावसायिक शिक्षणासाठीं पंतप्रधानांच्या नांवें शिष्यवृत्ति आहे. २०१९ पासून ती मुलास महिना २,५०० व मुलीस ३,००० रुपये अशी झाली. जळगांवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत या गोष्टींची चौकशी करतां येते. परंतु ज्याचा बाप जिवंत आहे, धडधाकट आहे आणि फक्त घरीं नाहीं, त्या मुलास लागणारें साहाय्य कोणत्याही कचेरींतून मिळण्यासारखें नाहीं.

१५ ऑगस्टला अशा मुलास व्यासपीठावर बोलावून फूल देण्याची हौस पुष्कळ ठिकाणीं दिसते. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र मुलास तें हवें आहे कीं नाहीं हें आधीं आईस विचारलेलें बरें. टाळ्यांच्या गजरांत कांहीं मुलांस बापावरील संकटच आठवतें. त्यापेक्षां १६ ऑगस्टला, कोणी ऐकत नसतांना, “वडिलांचा फोन आला का रे?” एवढें विचारणारा शिक्षक त्यास अधिक जवळचा वाटतो.

बापाची बदली शांततेच्या ठाण्यावर झाली व कुटुंबास घर मिळालें, कीं मूल ऐन सत्रांत शाळा सोडतें. दाखला त्याच दिवशीं द्यावा, आणि कोणत्या विषयांत कोठवर शिकवून झालें याची चार ओळींची चिठ्ठीही त्यासोबत द्यावी. दोन-तीन वर्षांनीं तेंच मूल जामनेरास परत येतें. हिंदी सफाईनें बोलतें, मराठी वाचतांना जोडाक्षरांपाशीं अडखळतें. अशा वेळीं त्यास खालच्या इयत्तेंत ढकलण्याची घाई न करतां दोन महिने शाळा सुटल्यावर अर्धा तास जवळ बसवून घ्यावें. जोडाक्षरें पुन्हां जिभेवर येण्यास सहसा तेवढे दिवस पुरतात.