फ्लॅश घ्यावा, पण मान वळणारा

(मंडळाच्या सभागृहात हौशी छायाचित्रकारांसाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यान हा शब्द आमच्यासाठी जरा मोठाच आहे. आम्ही म्हणजे गणेशोत्सवात मंडळाचे फोटो काढणारे तिघे. एकाचे औषधांचे दुकान, दुसरा शिक्षक आणि आज बोलायला उभा केलेला राज्य सरकारच्या कचेरीतला, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमावाला. फोटोग्राफी आम्ही चुका करत शिकलो. त्यातलीच एक चूक आधी सांगतो, कारण आजचा विषय तिथूनच निघाला.

तीन वर्षांपूर्वी अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना आपल्या सगळ्यांच्या काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हळदीकुंकवापासून नाटकाच्या तालमीपर्यंत ज्यांच्यावाचून मंडळाचे पान हलत नसे, त्याच काकू. आम्ही त्यांचे अकरा फोटो काढले, कॅमेऱ्यातल्याच फ्लॅशने. दिवाळीनंतर काकू गेल्या. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "फ्रेम करता येईल असा एक फोटो द्या." आम्ही अकराही फोटो उघडून पाहिले. चेहरा पांढराफटक, चष्म्यावर प्रकाशाचा गोळा आणि मागे मिट्ट काळोख. एकही देण्याजोगा नव्हता. शेवटी त्याने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. ते आम्हाला फार लागले.

मग वेगळा फ्लॅश घ्यायचे ठरले. घाईघाईत एक जुना, स्वस्त आणि ताकदवान फ्लॅश घेतला. त्याचे तोंड मात्र कायम समोर. परिणाम काय? आधी चेहरे पांढरे यायचे, आता जास्त पांढरे येऊ लागले! पैसे गेले, पण एक गोष्ट कळली. दोष प्रकाशाच्या कमतरतेचा नव्हता, दिशेचा होता.

दुपारच्या उन्हात अंगणात उभा राहिलेला माणूस आणि खिडकीजवळ बसलेला माणूस आठवा. खिडकीजवळ ऊन कमी, तरी चेहरा छान दिसतो. तिथे प्रकाश मोठ्या जागेतून आणि बाजूने येतो. कॅमेऱ्यातला फ्लॅश बोटाएवढा आणि लेन्सच्या डोक्यावरच बसलेला. शिवाय अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. म्हणून पुढचा माणूस पांढरा आणि मागची आरास काळी.

यावरचा उपाय म्हणजे फ्लॅशची मान वर किंवा मागे वळवून प्रकाश छतावर किंवा भिंतीवर मारायचा. मग ते पांढरे छतच आपला दिवा होते. म्हणून खरेदीचा पहिला नियम: मान वर उचलता आली पाहिजे आणि डावी-उजवीकडे फिरवताही आली पाहिजे. नुसती वर होणारी पुरत नाही, कारण उभा फोटो काढायला कॅमेरा आडवा केला की फ्लॅशचे तोंड भिंतीकडे जाते.

दुसरा मुद्दा ताकदीचा. ती गाइड नंबरने सांगतात. गाइड नंबरला लेन्सच्या एफ आकड्याने भागले की प्रकाश किती मीटर पोचेल ते कळते. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशचा नंबर आयएसओ १०० ला साधारण १२ धरा. लेन्स एफ ५.६ वर असेल तर १२ भागिले ५.६, म्हणजे जेमतेम दोन मीटर. आयएसओ ४०० केला तर हे अंतर दुप्पट होते, म्हणजे सव्वाचार मीटर. आपल्या सभागृहात तिसऱ्या रांगेतून रंगमंच सहा मीटर तरी आहे. बालनाट्याचे फोटो काळे का येतात, हे आता लक्षात आले असेल.

पण खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. हल्लीच्या फ्लॅशमध्ये झूम असते आणि नंबर छापतात तो प्रकाश सर्वांत अरुंद केल्यावरचा. गोडॉक्स टीटी ६०० चा ६० हा नंबर २०० मिलिमीटर झूमला आहे, तर योंगनुओ ५६० च्या तिसऱ्या आवृत्तीचा ५८ हा १०५ ला. दोन फ्लॅशची तुलना करायची तर एकाच झूमचे आकडे विचारा. छतावरून प्रकाश घेताना त्यातला बराचसा वाटेतच जिरतो, म्हणून ताकद थोडी हाताशी असलेली बरी.

तिसरा मुद्दा टीटीएल की मॅन्युअल. टीटीएलमध्ये कॅमेरा स्वतः प्रकाश मोजून फ्लॅशला किती पेटायचे ते सांगतो. मॅन्युअलमध्ये ते आपण ठरवायचे. आरतीत माणसे पुढेमागे होतात, लेझीम खेळणारी मुले एका जागी थांबत नाहीत, तिथे टीटीएल सोयीचा. मूर्ती, बक्षीस समारंभ, ग्रुप फोटो यांत अंतर फारसे बदलत नाही, तिथे मॅन्युअल पुरतो आणि तो बराच स्वस्तही पडतो. कॅमेरा कंपनीचा स्वतःचा मध्यम फ्लॅश घ्यायला जी रक्कम लागते, तीत असे दोन-तीन येतात. आमच्याकडे आता मॅन्युअलच आहे. पहिले चार-पाच फोटो वाया जातात, मग हात बसतो.

चौथा मुद्दा फ्लॅश आपल्या कॅमेऱ्याशी जुळतो की नाही हा. साधा मॅन्युअल फ्लॅश पेटतो तो हॉट शूच्या मधल्या पिनेवरून. कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांत ती मधली पिनच नाही. तिथे कॅननसाठी बनवलेला टीटीएल फ्लॅशच लागतो. टीटीएल घेताना तर कॅनन, निकॉन, सोनी यांची आवृत्ती वेगवेगळी असते, तीही खोक्यावर वाचून घ्या.

वडिलांच्या कपाटातला फिल्मच्या काळातला फ्लॅश फुकट मिळतोय म्हणून लगेच लावू नका. व्हिव्हिटार २८३ च्या काही जुन्या फ्लॅशमध्ये पिनेवरचा दाब २०० व्होल्टच्या वर असे. डिजिटल कॅमेऱ्याचे नाजूक सर्किट त्याने जळू शकते. आधी मीटर लावून मोजा आणि कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतली मर्यादा पाहा. आणि फ्लॅश उघडायच्या फंदात कोणी पडू नये. सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून असतात. हे मात्र डिप्लोमावाल्याचे म्हणून ऐकाच.

दुर्गदबैलला जा, कोप्पीकर रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, पण फ्लॅश हातात आला की आपल्या कॅमेऱ्यावर लावून पाहा. पूर्ण ताकदीवर आठ-दहा वेळा पेटवा आणि पुन्हा तयार व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. मान सगळ्या बाजूंनी फिरवा. बिल आणि हमीपत्र घ्या. उरलेल्या पैशांत रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचे दोन संच घ्या. ते साध्या सेलपेक्षा फ्लॅश लवकर भरतात. जुने-नवे सेल एकत्र घालू नका आणि उत्सव संपला की काढून ठेवा.

आता थोडे मांडवाविषयी. भगव्या कापडाच्या छतावर फ्लॅश मारला तर सगळी मंडळी भगवी दिसतात. तिथे फ्लॅशची मान वर करून मागे पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा रबरबँडने बांधा. खर्च शून्य. मूर्तीच्या मुकुटावर समोरून प्रकाश मारला तर फक्त चकाकी येते, म्हणून बाजूच्या पांढऱ्या भिंतीवरून द्या. शटर १/२०० च्या आत ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यापुढे गेले की फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो.

आणि फ्लॅश कधी बंद ठेवायचा तेही कळायला हवे. ज्या मुलखाने गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे ऐकले, तिथे गायक डोळे मिटून आलापी करत असताना त्याच्या तोंडावर वीज पाडू नये. आयएसओ वाढवा, खांबाला टेकून उभे राहा, आणि तरीही जमले नाही तर कॅमेरा खाली ठेवून गाणे ऐका.

गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या सत्काराला आम्ही फ्लॅशची मान छताकडे वळवून फोटो काढले. सुरकुत्या दिसतात, चष्म्यामागचे डोळे दिसतात, मागची आरासही दिसते. त्या प्रत्येकाच्या घरी आम्ही एकेक प्रिंट नेऊन दिली, कोणी मागायच्या आधीच. काकूंचा फोटो राहिला तो राहिलाच. तुमच्या घरच्या आजी-आजोबांचा राहू नये, एवढ्यासाठीच तुमचा हा पाऊण तास घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी याच सभागृहात आमचा फ्लॅश घेऊन आम्ही बसणार आहोत. आपापला कॅमेरा घेऊन या, लावून पाहा आणि मगच खरेदीला जा. जमले तर घरातल्या ज्येष्ठांनाही सोबत आणा. सरावही होईल आणि फोटोही होतील.

गणपती बाप्पा मोरया!