मोठ्या आतड्याच्या कर्करोगेतर विकारांवरील परिषद : स्वागताध्यक्षांचे भाषण



ज्या मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले आणि पोटाच्या दुखण्याने गांजलेल्या दूरदूरच्या रोग्यांनी ज्या गावाची वाट धरली, त्या मिरजेत मी स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

परिषदेचा विषय ऐकून आमच्या समितीतील एका व्यापारी सभासदांनी, ‘कर्करोग नाही, मग एवढा खटाटोप कशाला?’ असे विचारले. प्रश्न भाबडा खरा. परंतु त्याच समजुतीने रोगी, त्याचे आप्त आणि क्वचित चिकित्सकही निर्धास्त होतात व दुखणे बळावते, हे आपण जाणताच.

आपल्या मुलखात रोगाची ओळख पटविणे हेच निम्मे चिकित्साकर्म आहे. रक्तमिश्रित आव पडणारा रोगी समोर आला, की हा अमीबाजन्य आमांश की व्रणयुक्त बृहदंत्रशोथ, याचा निवाडा शौचाच्या तपासणीवाचून आणि दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यावाचून होऊ नये. कारण १९५५ साली ट्रूलव्ह आणि विट्स यांनी ज्या कॉर्टिसोनचा गुण दुसऱ्या विकारात रीतसर चाचणीने सिद्ध केला, तेच औषध पहिल्यात दिले असता आतडे फुटण्यापर्यंत मजल जाते. क्षय आणि क्रोनचा विकार यांचे साम्य तर याहून फसवे. दोन्ही लहान-मोठ्या आतड्यांच्या संधीपाशी ठाण मांडतात, दोन्हींत ज्वर, कृशता आणि आतड्याचे आकुंचन. अशा संशयस्थळी आधी क्षयाचा इलाज करून पाहण्याचा आपला प्रघात मला अडाणीपणाचा वाटत नाही, मात्र दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरल्याची रुजवात न घेता तो रेटीत राहणे ही कसूर होय.

आतड्याला पीळ पडून पोट नगाऱ्यासारखे फुगलेला रोगी आपण सर्वांनी पाहिला असेल. आतडे सडलेले नसल्यास गुदमार्गे दुर्बीण घालून पीळ सोडविता येतो. वायू मोकळा होतो, रोगी चहा मागतो आणि घरची मंडळी परतीच्या गाडीची चौकशी करू लागतात! पीळ पुन्हा पडण्याचा संभव फार, म्हणून त्याच मुक्कामात ते लांबलेले आतडे काढण्यास त्यांना राजी करण्यात कधीकधी शस्त्रक्रियेहून अधिक वेळ जातो.

हे रोगी प्रथम ज्यांच्या दारी येतात, त्या तालुक्याच्या डॉक्टरांसाठी पुढल्या दोन रांगा राखण्याची तजवीज केली आहे. पाहुण्यांनी त्यांच्या शंका आधी घ्याव्यात. आता अध्यक्षमहाशयांनी कामकाजास आरंभ करावा, ही विनंती.