कृश देह, यकृतातील चरबी आणि हृदयविकार
(इस्लापूर येथील पंचायत सदस्य व शिक्षकांपुढील भाषण)



किनवट तालुक्यातील आपला हा परिसर कष्टकऱ्यांचा आहे. शेतात राबणाऱ्या कृश माणसाच्या यकृतात चरबी साचत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील गरीब ग्रामस्थांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी सुमारे ९ प्रौढांना हा विकार आढळला. त्यांतील तीन चतुर्थांश व्यक्ती स्थूल नव्हत्या. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी खेड्यांतील नवजात बालकांच्या अभ्यासातून दाखविले की, वजन कमी असूनही अंगात चरबी तुलनेने अधिक असू शकते.

हा विकार बहुधा दुखत नाही. म्हणून तो दुर्लक्षित राहतो. त्याच्या जोडीला मधुमेह व रक्तदाब येतात आणि अशा रुग्णांच्या मृत्यूचे प्रमुख कारण हृदयविकार ठरते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आशा कार्यकर्तीकडून कंबर मोजून घ्यावी. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा होय. कंबर बारीक असली, तरी रक्तदाब व साखर तपासावी. मजुरी बुडू नये म्हणून पंचायतींनी ही तपासणी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. शिक्षकांनी जादा साखर, तळलेले पदार्थ व दारू यांचे दुष्परिणाम घरोघरी पोहोचवावेत. गर्भवतीच्या पोषणाकडेही तितकेच लक्ष हवे. कर्त्या माणसाचे अकाली जाणे दैवावर सोपवू नये, एवढीच विनंती.