आपली बोलण्याची रीत



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घातली. ती पैनगंगेच्या खोऱ्यातल्या आपल्या ढाणकीपर्यंत यावी आणि आमच्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला इथे बोलायला उभे करावे, हा आपला मोठेपणा. आमचे पुढचे शिक्षण हमालांच्या बैठकीत झाले. पत्रके मोठ्याने वाचून दाखवता दाखवता आम्ही वाचायला शिकलो. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा करू नका. मजुरी, बोनस, हमाली यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आज विषय साधा घेतला आहे : आपण एकमेकांशी कसे बोलतो?

पाडवा नुकताच झाला. आपल्या भागात सालदाराचे साल पाडव्यापासून धरतात. किती पैसे, किती धान्य, सुट्या किती, सगळे ठरते. पण वर्षभर त्या माणसाला हाक कोणत्या शब्दाने मारायची, हे कोणी ठरवत नाही. ते आधीच ठरलेले असते. पन्नाशीच्या सालदाराला मालकाचा दहा वर्षांचा पोरगा ‘अबे, इकडे ये’ म्हणतो आणि घरात कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

आता पोळ्याची आदली संध्याकाळ आठवा. बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतो, आणि त्याला आवतण देतो. काय म्हणतो? ‘उद्या जेवायला ये’ म्हणतो काय? नाही. ‘या’ म्हणतो. मुक्या जनावराला आपण आदराने बोलावतो, कारण त्याच्या खांद्यावर आपले घर चालते हे त्या दिवशी आपल्याला आठवते. मग ज्याच्या हातात त्या बैलाचा कासरा आहे, त्याच्या वाट्याला ‘या’ कधी यायचे?

कोणी म्हणेल, आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘बे’ आणि ‘तू’ हे प्रेमाचे शब्द आहेत. खरे आहे. आईला आपण तू म्हणतो, विठोबालाही तू म्हणतो. दोन मित्र एकमेकांना ‘काबे’ म्हणतात त्यात गोडी आहे. दोष शब्दात नाही. तो शब्द उलट परत येऊ शकतो की नाही, यात सारे आहे. आम्ही एक साधी कसोटी धरली आहे : जो शब्द आपण समोरच्याला देतो, तोच त्याने आपल्याला परत दिला तर चालेल काय? चालत असेल तर तो प्रेमाचा शब्द. चालत नसेल तर तो चाबूक आहे.

ही कसोटी आमची एकट्याची नव्हे. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास हे विडी कामगारांचे संघटक होते. १९३७ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले, आणि १९३९ मध्ये ऐन तारुण्यात वारले. ‘जयभीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना देतात. त्यापूर्वी महार माणसाने वाकून ‘जोहार’ घालायचा आणि वरच्याने तो नुसता घ्यायचा, अशी रीत होती. जोहाराला उलट जोहार मिळत नसे. ‘जयभीम’ला मात्र ‘जयभीम’ हेच उत्तर येते. विड्या वळणाऱ्यांच्या मजुरीसाठी लढणाऱ्या माणसाला अभिवादनाचीही चिंता वाहावीशी वाटली, यावरून बोलणे ही पोटापेक्षा हलकी बाब नाही हे ध्यानात यावे. सरकारलाही ते उशिरा का होईना पटले. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलता येते. जीभ बदलायला मात्र शासनाचा निर्णय पुरत नाही.

आमच्या चळवळीतही हेच. माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली महाराष्ट्रात कायदा झाला. मंडळे झाली, नोंदणी झाली, पाठीवर ओझे वाहणाऱ्याला कागदावर कामगार म्हणून नाव मिळाले. ह्या कायद्यामागे कितीकांचे कष्ट आहेत. तथापि नोंदवहीत ज्याचे पूर्ण नाव आहे, त्याला काट्यावर अजूनही ‘ए पोत्या’ म्हणून हाक येते. ती कोणत्या कलमाने थांबवायची?

इथवर आम्ही मालकांचे आणि मुनिमांचे दोष सांगितले. ते सोपे होते. आता आमचा सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका बाजारगावी जिनिंगमध्ये गाठीमागे हमाली वाढवून मिळावी म्हणून संप चालला होता. सहाव्या दिवशी आमच्यातला एक हमाल कामावर गेला. संध्याकाळी फाटकावर सभा झाली. आम्ही त्याचे नाव घेऊन त्याला फितूर म्हटले, आणि त्याहून वाईट असे जे म्हटले ते ह्या व्यासपीठावरून सांगता येत नाही. माणसे हसली. टाळ्या पडल्या. आम्हाला वाटले, भाषण रंगले. नवव्या दिवशी संप जिंकला. दर वाढला. तो माणूस मात्र परत फिरकला नाही.

दोन वर्षांनी एस.टी. स्टँडवर त्याची बायको भेटली. तिच्याकडून कळले की त्या आठवड्यात त्यांची मुलगी यवतमाळला दवाखान्यात होती, आणि घरात दमडी नव्हती. मुलगी वाचली. पण शाळेत पोरे तिला ‘फितुराची पोर’ म्हणून चिडवीत, म्हणून तिने शाळा सोडली. तो शब्द पोरांना आम्ही शिकवला होता.

आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याने पाणी दिले, बसायला पोते टाकले. आम्ही चुकलो म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “भाऊ, तवा एकडाव इचारलं असतं, तं सांगितलं नसतं का म्या?” एवढेच. तो संघटनेत परत आला नाही, आणि आम्हीही त्याला तसा आग्रह केला नाही. हमालीचा दर आम्ही वाढवून घेतला होता. त्या मुलीची शाळा काही आम्हाला परत आणता आली नाही.

त्या दिवसापासून आम्ही शिकतो आहोत. पन्नाशीनंतर जीभ वळवणे कठीण असते. पाठ वाकवणे त्यापेक्षा सोपे.

कोणी विचारील, गोड बोलून कधी मजुरी वाढली आहे काय? नाही वाढली. आणि गोड बोलणे म्हणजे दया असेही आम्ही म्हणत नाही. ‘आमचे लेकरूच आहे तो’ असे म्हणत म्हणत सहा महिन्यांची मजुरी थकवणारे आम्ही पाहिले आहेत. साखरेने बुडवलेला हिशोब बुडालेलाच असतो. उलट गाडगेबाबांची वाणी मऊ नव्हती. दारूवर, कर्जावर, देवापुढच्या कोंबड्या-बकऱ्यांवर ते कडाडून बोलत. पण आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडत, आणि कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत, लोकांकडूनच उत्तर काढीत. त्यांचा राग वाईट रीतीवर असे. कठोर सत्य आणि अपमान यांत हा फरक आहे. मागणी कडक असावी, शब्द स्वच्छ असावा. मालकाशी भांडतानादेखील आम्ही आता हाच नियम पाळतो, आणि त्यामुळे एकही मागणी ढिली पडलेली नाही.

मग करायचे काय? फार मोठे नाही. माणसाला त्याच्या कामाने किंवा व्यंगाने नव्हे, नावाने हाक मारावी, आणि वयाप्रमाणे भाऊ, काका, ताई, मावशी जोडावे. चूक दिसली की निकाल देण्याआधी एक प्रश्न विचारावा : ‘काय अडचण झाली?’ रागवायचे ते बाजूला घेऊन रागवावे, चारचौघांत नव्हे. बँकेत पावती भरता न येणाऱ्या म्हातारीला ‘तिकडे जा’ म्हणण्याऐवजी पावती भरून द्यावी, तिला दोन मिनिटे लागतात. आपल्या बाजारात मराठीबरोबर गोरमाटी, उर्दू, तेलुगू कानांवर पडते. दुसऱ्याच्या बोलीची नक्कल करून हसू नये. आणि हे सगळे प्रथम घरात करावे. बाहेर ‘आपण’ म्हणणारा माणूस घरी ताटावर बसून बायकोला कसे बोलतो, ते त्याची मुले ऐकत असतात. आम्हीही ह्या परीक्षेत अजून पुरते उतरलो नाही, हे कबूल करतो.

सभा संपल्यावर सतरंज्या गोळा करायला, खुर्च्या उचलायला काही माणसे मागे थांबतील. जाता जाता त्यांतल्या एकाचे नाव विचारा, आणि उद्या रस्त्यात भेटला तर त्या नावाने रामराम करा. तो परत रामराम करील. आमचे व्याख्यान तेवढ्याने सार्थकी लागेल.