वाढीव पाटा आणि वाहनाचा खरा भार

(भाषणाचा मजकूर)



गोव्याच्या बाजारात विकली जाणारी भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहून येते, हे सर्वश्रुतच आहे. चोर्ला आणि अनमोड हे दोन घाट उतरून ती म्हापसा, पणजी, मडगाव येथील बाजारांत पोहोचते आणि परतीच्या वाटेवर मासळी घाट चढून जाते. या येण्याजाण्यात मोठ्या ट्रकांच्या जोडीला लहान मालवाहू गाड्यांचा, म्हणजे ज्यांना सर्वजण ‘पिकअप’ म्हणून ओळखतात त्या वाहनांचा, वाटा फार मोठा आहे. गावातल्या गावात चिरे, रेती, सिमेंट, नारळ, खत आणि गुरांचा चारा हीच गाडी वाहते. शेतकऱ्याच्या अंगणात पूर्वी बैलगाडीला जे स्थान होते, ते आज या गाडीने घेतले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या गाडीच्या बाबतीत एक समजूत सर्वत्र रूढ झालेली आढळते. माल भरला की गाडी मागे बसते, तेव्हा मागच्या कमानीत एखादा पाटा वाढवावा, म्हणजे गाडीची ताकद वाढते आणि जास्त माल नेता येतो, अशी ती समजूत. काहीजण हे काम कमानपाट्याच्या कारखान्यात करून घेतात, तर काही हौशी मालक घरच्या अंगणातच जॅक लावून उरकतात. पाटा बदलणे अथवा कमान दुरुस्त करणे यात गैर काहीच नाही. मात्र पाटा वाढविल्याने गाडीची भार वाहण्याची क्षमता वाढते, ही समजूत चुकीची असून ती प्राणावर बेतू शकते. म्हणून तिचा विचार थोडा खोलात जाऊन केला पाहिजे.

प्रथम कमानीचे कार्य समजून घेऊ. बैलगाडीला कमान नसते. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या अंगी लागतो. तांग्याला व बग्गीला कमानी आल्या आणि प्रवास सुसह्य झाला. इंग्लंडमध्ये ओबाडाया एलियट याने १८०४ साली पोलादी पाट्यांच्या कमानीचे पेटंट घेतले, तेव्हापासून या साधनाचा प्रसार झपाट्याने झाला. आजच्या मालवाहू गाडीची मागची कमान मूलतः तीच आहे. एकावर एक रचलेले, लांबीने उतरते असे पोलादी पाटे मधोमध एका बोल्टने जखडलेले असतात आणि ते यू-बोल्टांनी अॅक्सलला बांधलेले असतात. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक टोक चासीला अडकते आणि दुसरे शॅकलवर झुलते. भार पडला की कमान सरळ होते आणि तिची लांबी वाढते. ती वाढ शॅकल सामावून घेते.

पाटा वाढविला की कमान किती ताठ होते, याचे गणित शाळकरी मुलांनाही समजेल असे आहे. सारख्याच जाडीचे पाच पाटे असताना सहावा घातला, तर ताठपणा साधारणपणे एक पंचमांशाने वाढतो. परंतु जाडी वाढविल्यास तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. आठ मिलिमीटरच्या पाट्यांऐवजी दहा मिलिमीटरचे पाटे बसविले, तर तीच कमान जवळजवळ दुप्पट ताठ होते. लाकडी फूटपट्टी आडवी धरून वाकविली तर सहज वाकते, आणि उभ्या कडेवर धरली तर मुळीच वाकत नाही, यामागे हाच नियम आहे. ‘थोडा जाड पाटा बसतो, तोच घालू’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की जाडीतील थोडासा फरक परिणामात फार मोठा असतो.

कमान अशी ताठ झाली, की गाडी मागे बसत नाही आणि भार कमी असल्याचा आभास होतो. प्रत्यक्षात भार तेवढाच असतो. तो अॅक्सलवर, बेअरिंगवर, चाकाच्या बोल्टांवर आणि टायरवर पूर्वीइतकाच पडतो. टायर किती वजन पेलू शकतो, याचा निर्देशांक त्याच्या बाजूवर छापलेला असतो; कमानीत कितीही पाटे घातले तरी तो बदलत नाही. गाडी मागे बसणे ही चालकाला मिळणारी एक सूचना असते. वाढीव पाट्याने ती सूचनाच बंद होते.

याहून गंभीर प्रश्न ब्रेकचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि गोव्याचे बाजार जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहेत. एक टन जादा वजन सातशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे बावीस लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. यातील काही भाग खालच्या गिअरमध्ये इंजिन रोखून धरते, काही वाऱ्याच्या विरोधात खर्ची पडतो. उरलेला सर्व भाग ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठतो. ब्रेक अति तापले की त्यांची पकड कमी होते आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. पाटा वाढविणाऱ्याने ब्रेक वाढविलेले नसतात. घाटातील वळणावर याचा प्रत्यय येतो, तेव्हा उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. कित्येक मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार कमीजास्त करणारी एक झडप असते. चासी आणि अॅक्सल यांमधील अंतरावरून ती भाराचा अंदाज घेते. गाडी मागे बसली, म्हणजे माल भरलेला आहे, असे समजून ती मागच्या चाकांना अधिक ब्रेक देते. कमान ताठ केल्याने गाडी बसत नाही, आणि झडपेला वाटते की गाडी रिकामी आहे. परिणामी भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळतो. म्हणजे ज्या वेळी ब्रेकची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच वेळी तो तोकडा पडतो.

रिकाम्या गाडीचाही विचार करावयास हवा. ताठ कमानीवर रिकामी गाडी उधळते, खडबडीत रस्त्यावर मागची चाके क्षणोक्षणी उडतात आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर गाडी मागून घसरते. हौद्यात बसून जत्रेला वा खेळाच्या सामन्यांना जाणारी माणसे आणि मुले अशा वेळी बाहेर फेकली जाण्याचा संभव असतो. मालवाहू गाडीतून माणसे नेणे हाच मुळी धोका आहे. ताठ कमानीने तो दुणावतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने ठरवून दिलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालात हेच तत्त्व अधोरेखित केले. कलम ११३ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील एकूण भारापेक्षा अधिक वजन असलेले वाहन रस्त्यावर चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये अतिभारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च निराळा. अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकासाठी कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे.

भाराचा हिशेब अवघड नाही. समजा, एका गाडीचा नोंदणीतील एकूण भार २,८०० किलो आहे आणि रिकाम्या गाडीचे वजन १,५०० किलो आहे. म्हणजे चालक, सोबती आणि माल मिळून १,३०० किलो होतात. दोन माणसांचे दीडशे किलो वजा केले, की मालासाठी १,१५० किलो उरतात. एक चिरा तीस किलोंचा धरला, तर अडतीस चिरे ही मर्यादा झाली. पावसाने भिजलेला चिरा याहून जड भरतो, तेव्हा मर्यादा आणखी खाली येते. हा आकडा चालकाने स्वतःच्या गाडीपुरता काढून दारावर आतून लिहून ठेवावा.

मग गाडी मागे बसत असेल, तर काय करावे? प्रथम कारण शोधावे. एरव्ही रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत व्हावयाची. मर्यादेतील मालानेही गाडी बसत असेल किंवा एका बाजूला कलत असेल, तर कमान थकली आहे किंवा पाटा तुटला आहे, असे समजावे. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंना जमिनीपासून चाकावरील कडेपर्यंतची उंची मोजावी. पाट्यांना आडवी चीर गेली आहे काय, मधला बोल्ट सरकला आहे काय, यू-बोल्ट ढिले आहेत काय, शॅकलचे बुश झिजले आहेत काय आणि शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल गळते आहे काय, हे पाहावे. मासळी वाहणाऱ्या गाडीत खारट पाणी कमानीवर ठिबकते आणि पाट्यांच्या मधोमध गंज धरतो. अशी गाडी प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने धुणे अगत्याचे आहे.

कमान बदलावयाचीच झाली, तर त्याच नमुन्याच्या गाडीसाठी निर्मात्याने नेमून दिलेली कमान घ्यावी आणि दोन्ही बाजूंची जोडीने बदलावी. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये, अथवा गॅसने तापवून वाकवू नये. या पोलादाला विशिष्ट रीतीने पाणी दिलेले असते. ज्वाळेने ते उतरते आणि पाटा पुन्हा त्याच जागी तुटतो.

घरी काम करणाऱ्याने आपल्या जिवाची काळजी प्रथम घ्यावी. जागा सपाट व टणक असावी, आणि पुढची चाके ओंडक्यांनी अडवावीत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चासीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावाव्यात. चिऱ्यांची चळत किंवा माडाचा ओंडका घोडीची जागा घेऊ शकत नाही, कारण चिरा एकाएकी फुटतो. अॅक्सल स्वतंत्र जॅकवर तोलून धरावा, नाही तर तो लोंबकळून ब्रेकच्या नळीला ताण बसतो. मधला बोल्ट सोडण्यापूर्वी पाटे दोन शिकंज्यांत घट्ट आवळावेत. दाबलेले पाटे मोकळे होताच हातावर वा तोंडावर उसळतात. बसविताना मधल्या बोल्टचे डोके अॅक्सलवरील खोबणीत नेमके बसले पाहिजे, अन्यथा अॅक्सल तिरका बसतो आणि गाडी वाकडी चालते. जुने, ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे यू-बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, निर्मात्याच्या पुस्तिकेतील मापानुसार आवळावेत. डोळ्यांतील व शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच अखेरचे आवळावेत. काही शे किलोमीटर धावल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. ब्रेकची भारझडप असल्यास ती जाणकार कारागिराकडून जुळवून घेतल्याखेरीज गाडीत माल भरू नये. ज्याच्यापाशी घोड्या व शिकंजे नाहीत, त्याने हे काम कारखान्यातच करून घेणे शहाणपणाचे ठरेल. त्यात कमीपणा मुळीच नाही.

शिक्षकांनी फूटपट्टीचा प्रयोग आणि चिऱ्यांचे गणित वर्गात जरूर करून दाखवावे. गावातील बहुतेक मुलांच्या घरी वा शेजारी अशी गाडी असते, आणि मुलाने घरी जाऊन विचारलेला प्रश्न वडीलधाऱ्यांच्या मनाला अधिक भिडतो. मुलांना सामन्यांसाठी नेण्याची वेळ आली, तर मालवाहू गाडीऐवजी प्रवासी वाहनाचीच व्यवस्था करावी. अधिकाऱ्यांनीही तपासणीच्या वेळी दंडाच्या पावतीबरोबर दोन शब्द समजावून सांगितले, तर नियमामागील हेतू लोकांच्या ध्यानी येईल. दोन खेपांचा माल एका खेपेत नेण्याचा मोह कोणत्या परिस्थितीतून उपजतो, हे सर्वांना ठाऊक आहे. डिझेलचा खर्च, बाजार गाठण्याची घाई आणि डोक्यावरचे कर्जाचे हप्ते ही कारणे खरी आहेत. परंतु तुटलेला अॅक्सल, घाटात अडकून नासलेला माल किंवा गमावलेला कर्ता माणूस यांची किंमत दुसऱ्या खेपेच्या डिझेलाहून कितीतरी अधिक असते.

अति तेथे माती, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातून सांगितली आहे. कमान सुस्थितीत ठेवणे हे प्रत्येक वाहनमालकाचे कर्तव्य आहे. किती माल भरावयाचा, हे मात्र पाट्यांच्या संख्येने ठरत नसून नोंदणी प्रमाणपत्रातील आकड्याने ठरते. तो आकडा प्रत्येक मालकाने आज घरी गेल्यावर एकदा काढून पाहावा, एवढीच विनंती.